आंतरवासिता की वेठबिगार?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आंतरवासितेला श्रेयांकांचे मोल दिले, हे स्वागतार्हच होय. परंतु छोट्या वस्तुसंग्रहालयात गेलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला कपाटे पुसणे आणि हजेरीपटावर सही करणे एवढेच येणार असेल, तर ते शिक्षण नव्हे.

धाराशिव जिल्ह्यातील तेर हेच प्राचीन तगर. तेथील मृण्मूर्ती, मणी, नाणी रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिद्दीने जमविली. त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय आज गावात आहे. अशा संग्रहांचा खरा आधार म्हणजे नोंदवही. वस्तू कोठे सापडली, तिचे माप काय, स्थिती कशी, हे लिहिलेले नसेल, तर मणी हा केवळ मणीच उरतो. या नोंदी करण्याचे काम विद्यार्थ्यांना निश्चित शिकविता येईल.

मात्र श्रम फुकट घेतले, की त्यांची किंमत कोणीतरी मोजतोच. विद्यावेतन नसेल, तर ज्याला रोजचे एस.टी.चे भाडे परवडते तोच ही संधी घेईल; शेतमजुराचा मुलगा दारातूनच परतेल. म्हणून शासनाने निदान प्रवासखर्च द्यावा आणि महाविद्यालयांनी भरलेल्या तासांऐवजी पुऱ्या केलेल्या नोंदी पाहून श्रेयांक द्यावेत. एरवी प्रमाणपत्रे वाढतील, नोंदवह्या मात्र कोऱ्याच राहतील.