ऊर्जाकेंद्रातली पाहुणी
‘तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र’ हे वाक्य तुम्हीही शाळेत घोकलं असेल. आता तुमची मुलं तेच ‘मायटोकॉन्ड्रिया’ म्हणून घोकतात. पण त्यांना पुढची गंमत सांगितलीत का?

ही तंतुकणिका मूळची आपली नाहीच. दीडशे कोटी वर्षांहूनही आधी तिचा पूर्वज स्वतंत्र जीवाणू होता. दुसऱ्या पेशीत शिरला आणि कायमचा राहिला. अमेरिकेच्या लिन मार्ग्युलिस यांचा हे मांडणारा लेख पंधराएक नियतकालिकांनी परत पाठवला. अखेर १९६७ मध्ये तो छापून आला. पुरावा आजही आपल्या अंगात आहे: तंतुकणिकेचा स्वतःचा, जीवाणूसारखा गोल डीएनए. माणसात त्यावर फक्त ३७ जनुकं, आणि मुलगा असो की मुलगी, तो येतो आईकडूनच!

आपण श्वासातून घेतलेला बहुतेक ऑक्सिजन हीच वापरते. पोळीभातातली ऊर्जा एटीपीच्या रूपात पेशीच्या हाती देते. मात्र तो ऑक्सिजन वाहून आणणाऱ्या लाल रक्तपेशीत एकही तंतुकणिका नसते. हमालाने पोत्यातलं खायचं नाही! मग ती जगते कशावर? ऑक्सिजनला हात न लावता, ग्लुकोज अर्धवट फोडून, सुमारे १२० दिवस.