विशेषणांच्या आधी क्रियापदे



कलाकृतीवरील स्वाध्याय तपासताना एक गोष्ट मला वारंवार खटकते. ‘अप्रतिम’, ‘अजोड’, ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ अशा शब्दांनी पाने भरलेली असतात. शिल्पात नेमके काय घडते आहे, हे मात्र कोठेच सापडत नाही. मी भाषाविज्ञानाचा अभ्यासक. त्यामुळे माझा आग्रह व्याकरणाचा आहे. आधी क्रियापदे लिहा, विशेषणांचे नंतर पाहू.

वेरूळचे १६ क्रमांकाचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कोरले गेले. त्याच्या दक्षिण बाजूस रावण कैलास पर्वत हलवीत असल्याचा प्रसंग आहे. तो क्रियापदांनी वाचा. रावण पर्वत हलवतो. पार्वती दचकते, शिवाचा हात धरते. दासी पळत सुटते. शिव पायाने पर्वत दाबतो. एकाच हादऱ्याला मिळालेले हे तीन निरनिराळे प्रतिसाद आहेत.

युसूफ वडगावच्या काही विद्यार्थ्यांना मी या शिल्पाचे छायाचित्र दाखवले. ‘सर, आम्ही यातलं काय सांगणार?’ हा नेहमीचा संकोच. दर हंगामात ऊसतोडीला जाणारा एक जण मात्र बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, ‘मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना वर काय चाललंय ते दिसत नाही. ह्यालाबी दिसत नसंल.’

हे शिल्प मी अनेकदा पाहिले आहे; हे मला कधी सुचले नव्हते. वर पाय दाबला गेला, हे रावणाला दिसत नाही. खाली कोण आहे, हे पार्वतीला दिसत नाही. दोन्ही एकाच वेळी दिसते ते केवळ पाहणाऱ्याला. शिल्पकाराने रावणाला खोल खोबणीतल्या अंधारात का ठेवले, याचे उत्तर मला आता तेथे दिसते. (छायाचित्रात हा अंधार सपाट होतो. प्रत्यक्ष जाणे शक्य असेल, तर जावेच.)

या शिल्पाची स्तुती बहुधा शिवाच्या शांत मुद्रेपाशी थांबते. माझे मत निराळे आहे. कथा ठाऊक नसलेल्याचे लक्ष शिवाच्या पायाकडे जाईलच असे नाही. तेथे शिल्प पुराणकथेवर विसंबून राहते आणि ती मला त्याची उणीव वाटते. पळणाऱ्या दासीला असा आधार लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्या भागात ती धाव कोणाला समजावून सांगावी लागू नये.

हे मत तुम्हांला पटले नाही, तर तसे सकारण लिहा. त्याने गुण कमी होणार नाहीत. पुढील स्वाध्यायासाठी वेरूळपर्यंत जाण्याचीही गरज नाही. अंबाजोगाईचे हत्तीखाना लेणे जवळ आहे. तेथे तासभर थांबा, एकच मूर्ती निवडा आणि पहिल्या पानावर एकही विशेषण येऊ देऊ नका.