यादीत नाव आपलं, नोकरीत कोण?

संपादकीय, जानेवारी २००१



२८ नोव्हेंबर २००० ला दिल्लीच्या सुप्रीम कोर्टात पाच न्यायाधीशांनी मिळून एक निकाल दिला. खटल्याचं नाव महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद. हा निकाल आपल्या पाड्यांवर पोचला तो उलटासुलटा. कुणी म्हणतं, आता आदिवासींच्या सवलती बंद झाल्या. कुणी म्हणतं, सगळे बोगस उद्यापासून घरी बसणार. दोन्ही खरं नाही. म्हणून या अंकात जमिनीचा विषय जरा बाजूला ठेवून नोकरी आणि दाखल्यावर लिहितो आहोत. जरा बाजूलाच, कारण शेवटी दोन्हीची गाठ एकाच ठिकाणी पडते.

आधी निकाल काय ते समजून घेऊ. घटनेच्या ३४२ कलमाप्रमाणे आदिवासी जमातींची यादी राष्ट्रपतींच्या हुकमानं निघते. पहिली यादी ६ सप्टेंबर १९५० ला निघाली. तिच्यात नाव घालायचं असेल किंवा काढायचं असेल, तर ते फक्त संसदेनं कायदा करूनच. राज्य सरकारला तो अधिकार नाही, कलेक्टर-तहसीलदाराला नाही, कोर्टालाही नाही. हलबा ही यादीतली जमात. विदर्भातल्या कोष्टी समाजातले लोक 'हलबा कोष्टी' म्हणून दाखले घेत होते, आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं ते मान्यही केलं होतं. सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं. यादीत जे लिहिलंय तेवढंच वाचायचं, अमुक जात तमुक जमातीत मोडते का याचा पुरावा घेत बसायचंच नाही, असं सांगितलं. इथपर्यंत निकाल आपल्या बाजूचा आहे.

पण पुढं वाचा. ज्याचा खटला होता त्याला १९८५-८६ साली आदिवासींच्या जागेवर डॉक्टरकीला प्रवेश मिळाला होता. कोर्ट म्हणालं, त्याच्या शिक्षणावर सरकारचा पैसा खर्च झालाय, डॉक्टर समाजाच्या कामी यावा, म्हणून त्याची पदवी राहू द्या, यापुढं मात्र त्यानं आदिवासी म्हणून काही घेऊ नये. आणि ज्यांचे प्रवेश, ज्यांच्या नेमणुका कायम होऊन गेल्या, त्यांना या निकालानं धक्का लागणार नाही, असंही लिहिलं. म्हणजे दार आता बंद, पण आत शिरलेले आतच. आमचा सवाल साधा आहे. ती एक जागा ज्या आदिवासी पोराची होती, त्याचं काय? तो डॉक्टर झाला असता तर सुरगाणा-पेठच्या एखाद्या दवाखान्यात बसला असता. त्याचं नाव कोणत्याच निकालात नाही, कारण तो कोर्टापर्यंत पोचलाच नाही. आपली जागा गेली, हेसुद्धा त्याला कळलं नसेल.

आता 'सवलत फुकटची' म्हणणाऱ्यांना उत्तर. घटनेच्या १६ व्या कलमात सरकारी नोकरीत सगळ्यांना समान संधी सांगितलीय. त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात, ज्या मागास समाजाचे लोक नोकरीत पुरेसे नाहीत त्यांच्यासाठी सरकारला जागा राखून ठेवता येतात, असंही सांगितलंय. १९९२ च्या मंडल निकालात नऊ न्यायाधीश बसले होते. त्यांनी ५० टक्क्यांची मर्यादा घातली, पण राखीव जागा म्हणजे समानतेला पाडलेलं भोक नव्हे, तो समानतेचाच भाग आहे, हेही मान्य केलं. तेव्हा ही भीक नाही. ज्या वाटेवर आपल्याला कधी उभंच राहू दिलं नाही, त्या वाटेवरचा तो आपला हिस्सा आहे. महाराष्ट्रात हा हिस्सा ७ टक्के आहे. १९९१ च्या जनगणनेत राज्यातले आदिवासी ९ टक्क्यांच्या वर होते.

मग घुसखोरी झाली कशी? १९७६ पर्यंत यादीतल्या बऱ्याच जमातींना जिल्ह्या-तालुक्याची हद्द होती. ठाकूर जमात नाशिक, ठाणे, कुलाबा, पुणे आणि नगर या पाच जिल्ह्यांपुरतीच धरायचे. हद्दीबाहेर राहणारा खरा आदिवासी सुटत होता, म्हणून संसदेनं १९७६ साली कायदा करून हद्द काढली. काढली ते बरोबरच होतं. पण त्याच दारानं नावाचा सारखेपणा धरून दुसरेही आले. कोळ्यांतले काही महादेव कोळी झाले, कोष्टी हलबा झाले. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आदिवासी होते २९ लाख ५४ हजार. १९८१ ला झाले ५७ लाख ७२ हजार. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट! राज्याची एकूण लोकसंख्या त्याच काळात साधारण पाव हिश्शानं वाढली. या वाढीत सुटलेले खरे आदिवासीही होते, हे मान्य. पण आपल्या पाड्यांवर त्या दहा वर्षांत माणसं दुप्पट झालेली कुणी पाहिलीत का?

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आमचं भांडण कोष्ट्याच्या किंवा कोळ्याच्या पोटाशी नाही. माग बंद पडल्यावर विणकराच्या घरी काय शिजतं, ते मजुरी करणाऱ्याला सांगावं लागत नाही. नोव्हेंबर १९९४ मध्ये नागपूरच्या मोर्चात ११४ गोवारी चेंगरून मेले. त्यात बाया होत्या, लेकरं होती. ते दुःख आपलंच आहे. पण गरिबाला द्यायचं असेल तर सरकारनं वेगळं ताट वाढावं. विशेष मागास प्रवर्ग काढून २ टक्के दिले, तसं. एका उपाशी माणसाच्या ताटातली भाकर उचलून दुसऱ्या उपाश्याला देणं, याला न्याय म्हणत नाहीत. आणि बोगस दाखल्यावर मोठ्या खुर्चीत बसलेला काही उपाशी नव्हता.

आता आपल्या अंगाशी येणारी गोष्ट. बोगस रोखायला सुप्रीम कोर्टानंच २ सप्टेंबर १९९४ ला माधुरी पाटील खटल्यात पद्धत घालून दिली. प्रत्येक दाखला तपासणी समितीकडं जाणार. दक्षता पथक मूळ गावी जाऊन शाळेचं रजिस्टर बघणार, जुने कागद बघणार, देव कोणते, लग्न कसं लावता, मयत कशी करता, ते विचारणार. त्या खटल्यात दोन मुली महादेव कोळी म्हणून शिकत होत्या आणि बापाच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू कोळी' लिहिलेलं निघालं. निकाल योग्यच झाला.

पण हीच चाळण आपल्या पोरांना लागते तेव्हा काय होतं? आजा शाळेत गेलेलाच नाही, तर त्याचा दाखला आणायचा कुठून? बाप दुसरीपर्यंत गेला. गुरुजी बाहेरगावचे. त्यांनी घाईत नुसतं 'हिंदू' लिहिलं, किंवा 'कोळी' लिहून टाकलं. गुरुजीच्या एका ओळीमुळं आज पोराची वर्षं समितीच्या फेऱ्यांत जातात. चालीरीती विचारल्या तर बोगसवाला पुस्तकातून पाठ करून डोंगऱ्यादेव, वाघदेव घडाघडा सांगतो. आपलं पोर लहानपणापासून आश्रमशाळेत, किंवा आईबापाबरोबर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत. ते साहेबासमोर गप्प बसतं. कागद असणारा खोटा पास आणि कागद नसणारा खरा नापास, असा हा हिशोब आहे.

इथंच जमिनीची गाठ लागते. ३१ मार्च १९७८ आधीपासून कसत असल्याचा पुरावा आणा, असं फॉरेस्टच्या प्लॉटसाठी २००१ साली सांगत होते. पन्नास सालाआधी बापजादे आदिवासी असल्याचा कागद आणा, असं दाखल्यासाठी सांगतात. ज्यांना लिहायला शिकवलं नाही त्यांच्याकडंच लिहिलेलं मागतात. जमिनीच्या लढाईत आपण काय म्हणतो? पावती नसेल तर शेजाऱ्याची, म्हाताऱ्या माणसाची, गावाची साक्ष घ्या. मग जमातीसाठीही तेच म्हटलं पाहिजे. कोण कोणाचा, कुणाची सोयरीक कुठं, हे गावाइतकं कुणाला माहीत? डिसेंबर १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला आपल्या चालीरीती आणि आपली ओळख सांभाळायचा अधिकार दिलाय. ओळख सांभाळायचा अधिकार ज्या सभेला आहे, तिला ओळख विचारायची सोडून समिती चार कपाटं उघडते. गावाला विचारलं तर खरा सुटणार नाही आणि खोटा टिकणार नाही.

तेव्हा आमच्या मागण्या अशा:

दाखला देणं आणि तपासणं जानेवारी २००१ पर्यंत जीआर आणि कोर्टाच्या हुकमांवर चाललं होतं. त्यासाठी पक्का कायदा करा, आणि खोटा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्यात शिक्षा ठेवा.

तपासणीला मुदत घाला. समितीच्या उशिरामुळं खऱ्या आदिवासीची नेमणूक अडवू नका.

अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत दक्षता पथकानं ग्रामसभेत बसूनच चौकशी करावी आणि ग्रामसभेचा ठराव पुरावा म्हणून धरावा.

आदिवासींच्या रिकाम्या जागांचा अनुशेष भरा. त्या भरल्या तर ५० टक्क्यांची मर्यादा मोडते, ही सबब आता चालत नाही. जून २००० मधल्या ८१ व्या घटनादुरुस्तीनं मागच्या वर्षांच्या राहिलेल्या जागा त्या मर्यादेच्या बाहेर ठेवल्यात.

मागणी करून मात्र बसून राहायचं नाही. दोन कामं आपली आपणच करायची.

पहिलं काम कागदाचं. ट्रंकेत, आढ्याला, पत्र्याच्या डब्यात जे असेल ते बाहेर काढा. जुना सातबारा, फेरफार, फॉरेस्टच्या दंडाची पावती, पंचनामा. पंचनाम्यात माणसाचं नाव, गाव आणि जात लिहायची रीत आहे. ज्या पंचनाम्यानं आज्याला चोर ठरवलं, तोच नातवाच्या कामी येऊ शकतो. तहसीलला अर्ज करून कोतवाल बुकातली, म्हणजे गाव नमुना १४ मधली, आज्या-पणज्याच्या जन्ममृत्यूची नक्कल काढा. लहान पोराचं नाव शाळेत घालताना जमात पूर्ण लिहून घ्या. कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकूर, भिल्ल, काथोडी, जी असेल ती. गुरुजींनी लिहिलेलं दुसऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

दुसरं काम जनगणनेचं. २००१ साली ९ ते २८ फेब्रुवारी जनगणना होती. तेव्हा निम्मी माणसं बागांवर आणि वीटभट्ट्यांवर असतात. जिथं असाल तिथं मोजणीवाल्याला थांबवा आणि जमातीचं नाव स्वतः सांगा. 'काय लिहायचं ते लिहा साहेब' असं म्हणू नका. पुढची दहा वर्षं आपले आकडे तिथूनच निघणार आहेत.

पुढच्या तालुका बैठकीला येताना प्रत्येक पाड्यावरून अडकलेल्या दाखल्यांची यादी आणा. पोराचं नाव, अर्ज कधी केला, कुठं अडला. सगळ्या तालुक्यांच्या याद्या एकत्र करून आपण नाशिकला आदिवासी विकास आयुक्तांच्या दारात जाऊ. दिल्लीच्या यादीत आपलं नाव १९५० सालीच लागलंय. नोकरीच्या यादीत ते लागेपर्यंत उठायचं नाही.