कणगी रिकामी का होते?

अलीकडे काटकसरीला पुन्हा प्रतिष्ठा येऊ लागली आहे. कल्याण-कसारा मार्गावर आटगाव-खर्डीच्या परिसरात शहरातील सुखवस्तू मंडळी जमिनी घेतात, शनिवार-रविवारी येऊन चुलीवर भाकरी भाजतात, कैऱ्या वाळत घालतात आणि ‘गरजा कमी केल्या की माणूस सुखी होतो’ असा साक्षात्कार घेऊन सोमवारी परततात. 2025 च्या जून महिन्यात समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून खुला झाल्यापासून या साक्षात्काराला मोटारीची सोयही झाली आहे. यास हरकत घेण्याचे कारण नाही. हरकत आहे ती पुढील पायरीला. हीच मंडळी, आणि खेदाची गोष्ट अशी की आपल्या चळवळीतील काही ज्येष्ठही, पाड्यावर जाऊन कष्टकऱ्यांना बचतीचा उपदेश करू लागतात. गरिबीचा दोष गरिबाच्याच माथी मारण्याची ही जुनी रीत आहे. फक्त तिने आता खादी परिधान केली आहे.

उपदेश करणाऱ्यांनी एकदा मृगापूर्वीची आगोट पाहावी. कुणब्याच्या असो वा ठाकराच्या, घरात कणगी शेणाने सारवलेली असते आणि भातात निरगुडीचा पाला घातलेला असतो. वाल-उडीद राखेत घोळून मडक्यात भरलेले, कैरीची आंबोशी झालेली, मोहाची फुले कडकडीत वाळलेली, आठवड्याच्या बाजारातून सुकट, जवळा, मीठ-मिरची आणलेली, सरपण पडवीत रचलेले. लुगडे फाटले की त्याची गोधडी होते, गोधडी विरली की पोतेरे. चार महिने ओढे तुडुंब वाहतील, रोजगार मिळणार नाही, हे गृहीत धरून केलेली ही बेगमी आहे. 2015 साली गुंडाळल्या गेलेल्या नियोजन आयोगालाही तिचा हेवा वाटावा. निवृत्तीनंतर मी खर्डीस राहावयास आलो, तेव्हापासून या विषयात मी विद्यार्थीच आहे.

मग आषाढात कणगीचा तळ का दिसतो? साठवण करण्यास हुन्नर लागतो, तशीच थांबण्याची ऐपतही लागते. हुन्नर घरात आहे, ऐपत नाही. कार्तिकात भात खळ्यावर येते, त्याच दिवशी दुकानाची उधारी, खताचे पैसे आणि दवाखान्याचे देणेही दारात येते. 2025-26 च्या हंगामासाठी सरकारने भाताचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये ठरविला. परंतु तो पदरात पडावा, तर आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रापर्यंत माल न्यावा लागतो आणि पैसे खात्यावर जमा होईपर्यंत दम धरावा लागतो. ज्याच्या ओटीवर सावकार बसला आहे तो ओटीवरच माप घालतो, पडेल त्या भावाने. श्रावणात त्याच दुकानातून तो तांदूळ उधारीवर आणतो. या दोन भावांतील अंतर म्हणजे त्याच्या काटकसरीवर बसलेला खाजगी कर होय. रेशनवरील माणशी पाच किलोंनी तो हलका होतो, चुकत नाही.

यावर उपाय कोणाला सुचला नाही असे नाही. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून चालू आहे. गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, व्याज सहा टक्के, मुदत सहा महिने. योजना चोख आहे. पण ती बाजार समितीच्या दारात उभी आहे. डोंगरपट्टीतील पाच पोत्यांच्या धन्याचा सारा लाभ तेथवर माल नेण्याच्या भाड्यातच संपतो.

कातकऱ्यांची स्थिती याहून बिकट. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. चैत्रात मोह गळतो, करवंदे पिकतात, तेव्हा रानाची सर्वांत सखोल जाण असलेली माणसे भट्टीवर चिखल मळत असतात. वेठबिगारी कायद्याने 1976 मध्ये संपली. उचल मात्र संपली नाही. बरे, घरी राहून मोह वाळवावा, तर 1949 च्या दारूबंदी कायद्याने मोहफुलांचा साठाच परवान्याच्या कक्षेत नेऊन ठेवला होता. ते निर्बंध उठण्यास 2021 साल उजाडावे लागले. साठवा म्हणून सांगणाऱ्या समाजाने साठवणाऱ्याला इतकी वर्षे गुन्हेगाराच्या रांगेत उभे केले होते.

पाण्याचीही तीच कथा. शहापूर तालुक्याइतकी मोठी साठवण फार थोड्या ठिकाणी असेल. तानसा 1892 पासून मुंबईची तहान भागवीत आहे, भातसाही भागवीत आहे. आणि वैशाखात याच तालुक्यातील पाड्यांवर टँकर येतात. कोणाच्या काटकसरीत उणे पडले म्हणून?

आपल्या परंपरेतील साध्या राहणीचा मला आदरच आहे. 1934 साली गांधीजींबरोबर ग्रामोद्योग संघ उभारणारे कुमारप्पा गावाच्या प्राथमिक गरजा गावातच भागाव्यात असे म्हणत. त्या विचारात गावाच्या धान्यावर गावाची सत्ता अभिप्रेत होती. सत्ता वगळून आपण साधेपणा तेवढा उचलला. ज्याला निवड आहे त्याची साधी राहणी हे व्रत. ज्याला निवड नाही त्याची ती उपासमार. दोहोंना एकच नाव देणे समाजवाद्यांना शोभत नाही.

खावटी कर्जाची कल्पना 1978 मध्ये आली, ती पावसाळ्यातील रिकाम्या पोटांसाठीच. मध्यंतरी ती बंद पडली. 2020 साली टाळेबंदीनंतर चार हजार रुपयांच्या अनुदानाच्या रूपाने ती पुन्हा आली, पण निर्णय झाला तेव्हा पावसाळा निम्मा सरला होता आणि वाटपास पुढचे वर्ष लागले. खावटी मृगापूर्वी घरात पोहोचली पाहिजे, पाड्यापाड्यावर सामाईक धान्यकोठी हवी आणि तिच्या तारणावर गावच्या सोसायटीने ऐन सुगीत रक्कम दिली पाहिजे, या मागण्या आपण धरल्या पाहिजेत. तोवर कार्यकर्त्यांनी एवढे करावे: दिवाळीपूर्वी आपल्या भागातील सोसायटीत जाऊन सभासदांची यादी मागावी आणि तीत पाड्यांवरची किती नावे आहेत ते मोजून यावे.