हिवाळी सहल कोणाची?

दिवाळी सरली की सुखवस्तू घरांतून एक गहन प्रश्न चर्चेस येतो : यंदा हिवाळ्यात कोठे जावयाचे? महाबळेश्वर की गोवा, राजस्थान की अंदमान? परतूर तालुक्यातील वाटूरच्या परिसरातूनही त्याच सुमारास माणसे बाहेर पडतात. भांडीकुंडी, अंथरुणे, शेळी आणि पोरे ट्रकमध्ये चढतात. ही मंडळी सांगली-कोल्हापूरकडे जातात, कधी सीमा ओलांडून कर्नाटकात. मात्र स्थळ त्यांनी निवडलेले नसते. मुकादमाच्या उचलीने ते आधीच ठरलेले असते.

ज्या थंडीला डोंगरावर ‘गुलाबी’ म्हणतात, तीच थंडी उसाच्या फडात पहाटे दवाने भिजलेली असते. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. बाई आजारी पडली, बाळंत झाली, तरी तो ‘खाडा’; त्याचे पैसे हिशेबातून कापले जातात.

सुटी ही पैशाची नव्हे, कायद्याची निर्मिती आहे. फ्रान्समधील कामगारांनी १९३६ साली संपाच्या बळावर वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळवली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगारास वीस दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली. साखर कारखान्याच्या फाटकाच्या आतल्या कामगाराला कायदा ओळखतो. त्याच कारखान्याला ऊस पुरवणारा तोडणी मजूर मुकादमाच्या वहीत असतो, कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हे.

केंद्र सरकारी नोकरास प्रवास-सवलत मिळते. खासगी नोकरदारासही जुन्या करपद्धतीत चार वर्षांतून दोनदा प्रवासभाड्यावर करमाफी असते. अंदमानच्या निवडीत सरकारी तिजोरीचा वाटा असतो तो असा. त्याबद्दल असूया बाळगण्याचे कारण नाही. नोकरदारांनी तो हक्क संघटित होऊन मिळवला आहे. परंतु याच महाराष्ट्राने १९७५ साली पगारदारांवर व्यवसायकर बसवला आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. मुंबईच्या पगारातून मराठवाड्यातील बंधारा बांधावा, असा तो सरळ विचार होता. (आपल्या पगारपत्रकातील त्या कपातीचा उगम आज किती वाचकांना ठाऊक असेल?)

‘मजूर स्वखुशीने जातात, चार पैसे मिळवतात,’ असे साखरसम्राटांचे समर्थक म्हणतात. उचल पावसाळ्यात घेतली जाते, कारण त्याच महिन्यांत घरातला दाणा संपलेला असतो. रिकाम्या कणगीशेजारी उठवलेल्या अंगठ्याला करार म्हणणे हे कोणते अर्थशास्त्र? ज्याला घरी राहता येत नाही, त्याने प्रवास निवडला असे म्हणताच येत नाही.

म्हणून हिवाळ्यातील कामांची मंजूर यादी पावसाळ्यातच ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली पाहिजे, आणि त्या मजुरीच्या भरवशावर सहकारी बँकेने बिनव्याजी कर्ज दिले पाहिजे. तरीही जे फडावर जातील त्यांची नावे कारखान्याच्या हजेरीपटावर यावीत, बाईचे नाव स्वतंत्र ओळीत यावे, आणि आठवड्याचा एक दिवस खाड्याविना, भरमजुरीचा असावा.