दोन तोंडांचा जॅनस आणि तामलवाडीचा अमाइन

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेले भाविक तामलवाडीवरून जातात. याच गावात १९८८ साली स्थापन झालेल्या बालाजी अमाइन्सचा कारखाना आहे. चादरी-टॉवेलांच्या सोलापूरनं रसायनांत कमावलेलं हे नाव. तिथल्या मालापैकी एक मिथाइलअमाइन. वास सडक्या मासळीचा, पण औषधांच्या जगात मागणी मोठी. आमवातावरच्या टोफासिटिनिब या गोळीच्या नेहमीच्या कृतीतही रेणूतला एक नायट्रोजन मिथाइलअमाइनमधूनच येतो. तो तामलवाडीचाच असतो असं मात्र नव्हे.

आमवात म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांनी घरच्याच सांध्यांवर उठणं. विडी वळणाऱ्या बाईची मूठ सकाळी तासभर मिटत नाही, तेव्हा रोजगार तिथेच बुडतो. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी स्वस्त आणि अजूनही पहिली. ती पुरली नाही की प्रश्न येतो पुढच्या औषधाचा.

पेशीच्या आत सुजेचा निरोप पोचवणारी चार भावंडं आहेत: जॅक-१, जॅक-२, जॅक-३ आणि टिक-२. शोध लागला तेव्हा शास्त्रज्ञ गमतीनं ‘जस्ट अनदर कायनेज’ म्हणत. पुढे दोन तोंडांच्या रोमन देवावरून जॅनस हे नाव चिकटलं. कारण या प्रथिनात एकासारखे एक दोन भाग असतात, एक काम करणारा आणि दुसरा नुसता कामाचा आव आणणारा.

अमेरिकेत २०१२ साली मंजूर झालेली टोफासिटिनिब घडवताना नेम होता जॅक-३ला रोखण्यावर. प्रत्यक्षात ती जॅक-१लाही धरते, थोडंफार जॅक-२लाही. ‘निवडक’ हा शब्द माहितीपत्रकावर शोभतो, पण तो मात्रेवर अवलंबून असतो. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या ४,३६२ रुग्णांची चाचणी २०२२च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन रोखणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघातासारख्या गंभीर घटना २.५ टक्के, टोफासिटिनिबवाल्यांत ३.४ टक्के, कर्करोग २.९ आणि ४.२ टक्के. अमेरिकी नियामकानं २०२१च्या सप्टेंबरातच टोफासिटिनिबवर आणि तिच्याच जातीच्या बॅरिसिटिनिब, उपाडासिटिनिबवरही या धोक्यांचा चौकटीतला कडक इशारा लावला होता. हीच बॅरिसिटिनिब २०२१च्या मे महिन्यात कोविडसाठी भारतात आणीबाणीच्या परवानगीनं वापरात आली होती.

गंमत पुढे आहे. सोरायसिसवरची ड्यूक्राव्हासिटिनिब २०२२मध्ये मंजूर झाली, ती टिक-२चा काम करणारा भाग सोडून तो आव आणणारा भाग धरते. चारही भावंडांचे कामाचे भाग सारखे दिसतात, आव आणणारे तितके नाहीत. म्हणून नेम सहसा चुकत नाही. तिच्या पाकिटावर तो चौकटीतला इशारा नाही.

टोफासिटिनिब आता भारतात अनेक कंपन्या बनवतात. क्षयाचा जंतू कितीतरी जणांच्या अंगात गप्प बसलेला आहे आणि पहारा ढिला पडला की जागा होऊ शकतो, अशा देशात ही गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टर छातीचा एक्स-रे, क्षयाची चाचणी आणि कोलेस्टेरॉल सांगतात. बोटं सुजलीत आणि फोटो छातीचा काढायचा, याचं रुग्णाला नवल वाटतं. डॉक्टर मात्र ते रिपोर्ट पाहिल्याशिवाय चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहीत नाहीत.