मज्जारज्जूची इजा : औषध, आशा आणि खर्च

घरातील कर्ता मुलगा अपघातानंतर अतिदक्षता विभागात असतो आणि बाहेर बसलेल्या वडिलांच्या कानावर कोणीतरी एखाद्या ‘नव्या औषधा’चे नाव घालतो. एरवी पै-पैचा हिशेब ठेवणारा व्यापारीही त्या वेळी भाव विचारत नाही.

मज्जारज्जूला अथवा मेंदूला मार बसल्यावर हानी तेथेच थांबत नाही. सूज, खंडित रक्तपुरवठा व पेशींतील रासायनिक बिघाड यांमुळे पुढील काही तास-दिवस ती वाढत राहते. ही दुसरी हानी रोखणे, हाच बहुतेक औषधप्रयोगांचा हेतू असतो.

मेथिलप्रेड्निसोलोन या स्टेरॉइडची कथा यात सर्वांत बोधक आहे. १९९० साली अमेरिकेतील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इजेनंतर ८ तासांच्या आत ज्यांना ते मिळाले, त्यांच्यात थोडी सुधारणा दिसली. तेवढ्यावर ते जगभर वापरात आले. मेंदूच्या इजेतही ते उपयोगी ठरेल, या अपेक्षेने २० हजार रुग्णांची ‘क्रॅश’ चाचणी योजली गेली. परंतु १०,००८ रुग्णांनंतर ती थांबवावी लागली. २००४ मध्ये आकडे आले : दोन आठवड्यांत औषध घेतलेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी १७.९ टक्के. २०१३ साली अमेरिकेतील मेंदू-शल्यचिकित्सकांच्या मार्गदर्शिकेने मज्जारज्जूच्या ताज्या इजेतही ते न वापरण्याची शिफारस केली. अन्य काही तज्ज्ञ मर्यादित वापर मान्य करतात.

जीएम-१ गँग्लिओसाइड हे औषध जैन वाचकांना वेगळ्या कारणाने विचारात पाडील. ते गायीच्या मेंदूपासून काढले जाई. १९९१ मधील छोट्या चाचणीने मोठी आशा निर्माण केली. पुढे ७०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत मुख्य निकषावर फरक आढळला नाही. सेरेब्रोलायसिन डुकराच्या मेंदूपासून बनते. औषध कशापासून तयार झाले, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच नसावा. तो कुटुंबाचा अधिकारच आहे. जीव वाचविण्याच्या प्रसंगी काय घ्यावे, हा निर्णय मात्र ज्याचा त्याने, पण माहितीनिशी घ्यावा.

सर्वच प्रयोग फसले असे नाही. रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्सॅमिक आम्ल स्वस्त व कृत्रिमरीत्या बनविलेले आहे. २०१९ च्या ‘क्रॅश-३’ चाचणीत एकूण फरक निर्णायक नव्हता; मात्र ३ तासांच्या आत औषध मिळालेल्या सौम्य व मध्यम इजेच्या रुग्णांत डोक्याच्या इजेमुळे होणारे मृत्यू ७.५ वरून ५.८ टक्क्यांवर आले. रुग्णालयात लवकर पोहोचण्याचे मोल यावरून कळते.

आता पैशाचा प्रश्न. मूळपेशींच्या नावाने लाखो रुपये मागितले जातात, तेथे सावध व्हावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या इजेत मूळपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि त्यासाठी रुग्णाकडून शुल्क घेता येत नाही. चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’वर विनामूल्य पाहता येते. नोंदणी क्रमांक मागावा. संमतिपत्र मराठीत मागावे आणि सही करण्यापूर्वी ते कुटुंबातील दोघांनी तरी वाचावे. प्रयोगामुळे इजा झाल्यास भरपाई कोण देणार, हेही त्यात लिहिलेले असते.

जुन्या, स्थिर झालेल्या अर्धांगवायूत गेलेले बळ परत आणील असे सिद्ध झालेले औषध आज नाही. तेथे पैसा फिजिओथेरपी, योग्य चाकांची खुर्ची, मूत्रमार्गाची निगा आणि पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून देणारा माणूस, यांवर खर्चावा. तो माणूस घरातला असेल, तर त्यालाही रात्री झोप मिळेल अशी पाळी लावावी.